तळे खुले आहे, पाणी प्यायला कोण जाणार? : प्रिंटर चालवणाऱ्या स्वयंसेवकांचा इतिहास आणि आपण



येडगावच्या आमच्या अभ्यासिकेत एक जुना लेझर प्रिंटर आहे. एका हितचिंतकाने आपले ऑफिस बंद करताना तो आम्हाला दिला. गेल्या वर्षी जयंतीला आठ दिवस उरले असताना तो चालेनासा झाला. बिघडला म्हणावे तर तसेही नाही. टोनर भरलेला होता, कागद नीट ओढत होता, हिरवा दिवा लागत होता. झाले होते इतकेच की अभ्यासिकेचा जुना कॉम्प्युटर मोडीत निघाला आणि त्याच्या जागी आलेला लॅपटॉप या प्रिंटरला ओळखत नव्हता. कंपनीच्या वेबसाइटवर या मॉडेलसाठी नव्या विंडोजचा ड्रायव्हरच ठेवलेला नव्हता. नारायणगावात विचारले तर दुकानदार म्हणाला, "आता याला कोण विचारतंय? भंगारात द्या आणि नवीन घ्या."

जयंतीची पत्रके छापायची होती. मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज काढायचे होते. वर्गणीच्या डब्यात नव्या प्रिंटरपुरते पैसे नव्हते. शेवटी कॉम्प्युटर सायन्स शिकणाऱ्या, अभ्यासिकेत रोज येणाऱ्या आमच्या एका भगिनीने लॅपटॉपवर लिनक्स टाकले आणि प्रिंटरची वायर जोडली. दोन मिनिटांत प्रिंटरचे नाव पडद्यावर आले आणि पहिले पान बाहेर पडले.

आम्ही तिला विचारले, "कंपनीने जे दिले नाही ते तुला कोणी दिले?" तिने एक फाइल उघडून दाखवली. तीत नावांची यादी होती. कोणी कोणता भाग लिहिला, कोणी चूक शोधली, कोणी आपल्या घरच्या प्रिंटरवर चाचणी घेतली, सगळे नोंदवलेले. यातल्या कोणी येडगावचे नाव ऐकले असण्याची शक्यता नाही. तरी त्यांनी लिहिलेल्या ओळींच्या जोरावर आमची पत्रके निघाली.

त्या यादीमागचा इतिहास आम्ही शोधत गेलो. जे हाती लागले ते चळवळीतल्या तरुणांपुढे ठेवावे असे वाटले. कारण तो इतिहास फक्त यंत्रांचा नाही, आणि शेवटी तो आपल्याला एक अवघड प्रश्न विचारतो.

छपाई कोणाच्या हातात?

छपाईचे साधन दुसऱ्याच्या हातात असले की काय होते, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले. तेव्हाच्या 'केसरी'ने पैसे देऊनसुद्धा 'मूकनायक'ची जाहिरात छापायला नकार दिला. आपला मजकूर तर सोडाच, आपले वर्तमानपत्र निघते आहे एवढी बातमीही पैसे मोजून छापून मिळत नव्हती.

म्हणून बाबासाहेब एका पत्रावर थांबले नाहीत. १९२७ साली 'बहिष्कृत भारत', १९२८ साली 'समता', १९३० साली 'जनता' आणि १९५६ साली 'प्रबुद्ध भारत'. भारत भूषण प्रिंटिंग प्रेस त्यांनी चळवळीसाठी उभा केला. लेखणी आपली हवी आणि छापखानाही आपलाच हवा, हा त्यामागचा विचार होता. २०१६ सालच्या जूनमध्ये दादरचे आंबेडकर भवन रातोरात पाडले गेले तेव्हा समाज रस्त्यावर उतरला, कारण त्या आवारात तो छापखाना होता आणि त्याच्याशी आपला आवाज जोडलेला होता.

आज आपला छापखाना म्हणजे टेबलावरचा प्रिंटर. ग्रामसभेला द्यायचे निवेदन, ॲट्रॉसिटीच्या फिर्यादीची प्रत, जातपडताळणीची कागदपत्रे, वस्तीतले पत्रक हे सगळे त्यातूनच निघते. यंत्र आपण विकत घेतो म्हणून ते आपले झाले असे आपण समजतो. पण त्या यंत्राला हुकूम द्यायची भाषा कंपनीने आपल्याकडे ठेवलेली असते.

ती भाषा बोलणारा दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. आपण पडद्यावर 'जय भीम' लिहितो, पण प्रिंटरला अक्षरे कळत नाहीत. त्याला लागतात ठिपके, आणि कोणता ठिपका कुठे, कोणत्या क्रमाने, किती शाईने द्यायचा याच्या सूचना. या सूचनांची रीत प्रत्येक कंपनीची वेगळी, अनेकदा गुप्त. दुभाषा गेला की चालू असलेले यंत्रही मुके होते. आमच्या येडगावच्या प्रिंटरचे तेच झाले होते.

एका अडकलेल्या कागदाची गोष्ट

या गुप्ततेविरुद्धचे बंड सुरू झाले तेही एका प्रिंटरपासूनच. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचे प्रोग्रॅमर काम करत. प्रयोगशाळेतल्या जुन्या प्रिंटरचा प्रोग्रॅम सगळ्यांना वाचता येत होता, बदलता येत होता. प्रिंटर दुसऱ्या मजल्यावर आणि माणसे आपापल्या जागी, त्यामुळे कागद अडकला तर कोणाला कळत नसे. स्टॉलमन यांनी प्रोग्रॅममध्ये सुधारणा केली. कागद अडकला की वाट पाहणाऱ्या सगळ्यांच्या पडद्यावर सूचना जाऊ लागली आणि कोणीतरी उठून कागद काढू लागले.

१९८० च्या सुमारास झेरॉक्स कंपनीकडून प्रयोगशाळेला नवा लेझर प्रिंटर भेट मिळाला. वेगवान होता, पण कागद त्याचाही अडकायचा. या वेळी मात्र प्रोग्रॅमचा सोर्स कोड, म्हणजे माणसाला वाचता येईल असे त्याचे मूळ लेखन, मिळाले नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या एका संशोधकाकडे तो होता. स्टॉलमन त्याच्याकडे गेले, तर त्याने नकार दिला. कंपनीला त्याने शब्द दिला होता की तो हे कोणालाही दाखवणार नाही.

ज्ञान आहे, त्याची गरज असलेला माणूस समोर उभा आहे, दिल्याने देणाऱ्याचे काही कमी होणार नाही, तरीही द्यायचे नाही. मित्रांनो, ही रीत ओळखीची वाटते ना? ज्ञानावर पहारा बसवून इतरांना परावलंबी ठेवायचे हे तंत्र या देशात ब्राह्मणी व्यवस्थेने शतकानुशतके चालवले. कंपनीचा करार आणि जातीचा नियम एकच आहेत असे आमचे म्हणणे नाही. कराराने कोणाचा जन्म ठरत नाही, कोणाची वस्ती जळत नाही. पण ज्ञान दडवून सत्ता टिकवण्याची युक्ती दोन्हीकडे सारखी आहे.

स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली. कोणीही वापरावे, वाचावे, बदलावे आणि पुढे द्यावे असे सॉफ्टवेअर घडवायचे, हा संकल्प होता. १९८९ साली त्यासाठीचा सर्वसाधारण परवाना, म्हणजे जीपीएल, आला. या परवान्यातली अट महत्त्वाची आहे. तुम्हाला जे मोकळे मिळाले त्यात बदल करून तुम्ही ते पुढे दिलेत, तर तुमचे बदलही तितकेच मोकळे ठेवावे लागतात. सार्वजनिक विहिरीवर कुंपण घालून ती स्वतःची करता येणार नाही, असा हा कायदेशीर बंदोबस्त.

स्टॉलमन यांच्या सगळ्या मतांना आमचा पाठिंबा नाही. २०१९ साली त्यांच्या काही विधानांवरून वादळ उठले आणि त्यांना एमआयटी सोडावी लागली, आपल्याच संस्थेचे अध्यक्षपदही सोडावे लागले. व्यक्तिपूजा आपल्याला बाबासाहेबांनी शिकवलेली नाही. माणूस बाजूला ठेवून विचार तपासून घ्यावा.

हौस, गरज आणि चिकाटी

संकल्प एकाचा असला तरी काम अनेकांनी केले. त्यांतल्या प्रिंटरवाल्यांची नावे आपल्याकडे कोणी घेत नाही.

१९८० च्या दशकात पोस्टस्क्रिप्ट ही पानाची मांडणी सांगणारी भाषा आली. ती समजणारे प्रिंटर महाग, सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे. १९८८ साली एल. पीटर डॉइच यांनी 'घोस्टस्क्रिप्ट' हा प्रोग्रॅम मोकळा केला. तो पोस्टस्क्रिप्टमधले पान कॉम्प्युटरवरच वाचून त्याचे ठिपके करून देऊ लागला. म्हणजे महागड्या प्रिंटरच्या आतले डोके बाहेर आले आणि स्वस्त प्रिंटरलाही ती पाने छापता येऊ लागली.

१९९० च्या दशकात लिनक्स वाढू लागले, पण छपाई हे त्याचे मोठे दुखणे होते. कोणता प्रिंटर चालतो, कोणता चालत नाही, याचा पत्ता नसे. ग्रँट टेलर यांनी लिनक्सवर छपाई कशी करावी याची मार्गदर्शिका लिहिली आणि प्रिंटरांची एक सूची उभी केली. लोक आपापला अनुभव कळवत गेले आणि सूची वाढत गेली. पुढे टिल काम्पेटर यांनी हे काम हाती घेतले. ते शिकले भौतिकशास्त्र, आणि रमले छपाईत. 'ओपनप्रिंटिंग' या नावाने हे काम पुढची दोन दशके त्यांनी सांभाळले.

१९९९ साली रॉबर्ट क्रॉविट्झ यांनी फोटो छापण्याच्या हौसेपायी सहा रंगांचा एक एप्सन प्रिंटर विकत घेतला. लिनक्सवर त्याला ड्रायव्हर नव्हता. कंपनीला शिव्या घालून ते गप्प बसले नाहीत. मायकल स्वीट यांनी 'गिंप' या चित्रांच्या सॉफ्टवेअरसाठी छपाईचा एक जोड-प्रोग्रॅम लिहून मोकळा केला होता. तो क्रॉविट्झ यांनी घेतला आणि आपल्या प्रिंटरसाठी वाढवला. मग दुसरे आले, तिसरे आले. कोणाकडे कॅननचा प्रिंटर, कोणाकडे आणखी कशाचा. आज 'गुटेनप्रिंट' या नावाने ओळखला जाणारा हा संच शेकडो प्रिंटर चालवतो. एका माणसाच्या घरगुती अडचणीतून ही सार्वजनिक मालमत्ता तयार झाली.

सर्वांत किचकट काम होते स्वस्त लेझर प्रिंटरांचे. किंमत कमी ठेवण्यासाठी कंपन्यांनी या यंत्रांतला मेंदू काढून टाकला आणि सगळा हिशेब विंडोजमधल्या ड्रायव्हरवर टाकला. भाषा अर्थातच गुप्त. गरीब माणूस जे यंत्र घेऊ शकतो, त्याच यंत्राला सर्वांत जास्त कुलपे. स्वयंसेवकांनी ही कुलपे कशी उघडली? कोरे पान छापायला द्यायचे आणि कॉम्प्युटरकडून प्रिंटरकडे काय जाते ते पकडून ठेवायचे. मग पानावर एकच ठिपका काढायचा आणि पुन्हा पकडायचे. दोन्हींत कोणता आकडा बदलला ते पाहायचे. मग दोन ठिपके, मग एक रेघ. असे करत पूर्ण भाषा उलगडायची. अपरिचित लिपीतला शिलालेख वाचणाऱ्या अभ्यासकाचे जे काम, तेच हे काम.

या सगळ्या ड्रायव्हरांना एकत्र चालवणारी व्यवस्था म्हणजे 'कप्स'. तीही मायकल स्वीट यांची. १९९९ साली ती लोकांपुढे आली आणि काही वर्षांत लिनक्सवरच्या छपाईचा कणा बनली. ॲपलने आपल्या मॅक कॉम्प्युटरमध्ये ती घेतली. २००७ साली ॲपलने तिचे हक्क विकत घेतले आणि स्वीट यांना नोकरीवर ठेवले. २०१९ च्या अखेरीस स्वीट ॲपलमधून बाहेर पडले आणि तिथे काम मंदावले. कंपनीच्या बंद ड्रायव्हरचे जे होते, तेच इथेही व्हायला हवे होते. पण झाले नाही. कारण परवान्याने प्रत्येकाला प्रत घेऊन पुढे जायचा हक्क दिलेला होता. २०२० साली ओपनप्रिंटिंगच्या मंडळींनी आणि स्वीट यांनी कप्सची प्रत घेतली आणि काम पुढे चालू ठेवले.

आमच्या अभ्यासिकेतल्या प्रिंटरच्या कंपनीचे लक्ष उडाले आणि यंत्र भंगारात निघाले. कप्समधून एका बलाढ्य कंपनीचे लक्ष उडाले आणि तरी व्यवस्था जगली. हक्क लिहून ठेवलेला असणे आणि मालकाच्या मर्जीवर असणे यात हा फरक आहे. संविधान मानणाऱ्यांना तो लगेच कळावा.

मग ही वेठबिगारी नव्हे काय?

इथे आमच्याच एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने आक्षेप घेतला. आक्षेप रास्त होता. ते म्हणाले, "फुकट काम करा असे आमच्या बापजाद्यांना हजारो वर्षे सांगितले. आता पोरांनी कॉम्प्युटरवर फुकट राबायचे का?"

या प्रश्नाला बगल देऊन चालणार नाही. महार वतनाखाली आपल्या पूर्वजांनी काय केले? रात्री-बेरात्री सांगावा पोचवला, मेलेली गुरे ओढली, सरकारी कामासाठी कोसच्या कोस पायपीट केली. १८७४ च्या वतन कायद्याने ही गुलामगिरी पक्की केली होती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात तिच्याविरुद्ध विधेयक आणले. त्यामुळे 'सेवा' हा शब्द कोणी गोड आवाजात उच्चारला की आपण सावध होतो, आणि व्हायलाच हवे. 'स्वयंसेवक' म्हटले की तर आपल्यातल्या अनेकांच्या डोळ्यांपुढे भलतीच मंडळी येतात. पण हा शब्द कोणा एका संघटनेच्या बापाचा नाही. समता सैनिक दलाचे सैनिकही स्वयंसेवकच होते.

वेठ आणि स्वयंसेवा वेगळी ओळखायला आम्ही तीन कसोट्या लावतो. पहिली, काम आपल्या मर्जीचे आहे का? दुसरी, करणाऱ्याचे नाव राहते का? तिसरी, फळ कोणाकडे जाते? वतनाच्या कामात मर्जी नव्हती, नाव नव्हते आणि फळ गावाच्या घशात जात होते. प्रिंटरच्या या कामात माणूस हवे तेव्हा येतो, हवे तेव्हा जातो. त्याचे नाव नोंदले जाते. आणि फळ त्याच्यासह सगळ्यांना मिळते, उद्या कोणी ते हिरावू पाहिले तर परवाना आडवा येतो.

तरीही तिसऱ्या कसोटीवर हे जग पूर्ण उतरत नाही, हेही सांगितले पाहिजे. मोठमोठ्या कंपन्या या मोकळ्या कामावर नफा कमावतात आणि ते सांभाळणारी माणसे मात्र बोटांवर मोजण्याइतकी असतात, अनेकदा बिनपगारी. दुसरे, या जगात एक लाडके वाक्य फिरते : इथे जात नाही, धर्म नाही, फक्त गुणवत्ता आहे. 'गुणवत्ता' हा शब्द आपण आरक्षणविरोधकांच्या तोंडून पुष्कळ ऐकला आहे. संध्याकाळी सहा वाजता सुटणारी नोकरी, घरात स्वतःची खोली, लहानपणापासून इंग्रजी, हातात कॉम्प्युटर, हे ज्याच्याकडे आहे त्यालाच फुकट काम करायला वेळ मिळतो. वर घेतलेली नावे पुन्हा वाचा. सगळे पुरुष, सगळे युरोप-अमेरिकेतले. त्यांचे काम त्यामुळे लहान होत नाही. पण दार उघडे असणे आणि आत येण्याची ऐपत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

लेण्यांतली नावे

नावांची यादी पाहताना आम्हाला आपला जुन्नरचा डोंगर आठवला. येडगावहून जुन्नर काही दूर नाही. शिवनेरी, मानमोडी, तुळजा लेणी, लेण्याद्री मिळून इथे दीडशेहून अधिक बौद्ध लेणी कोरलेली आहेत. लेण्याद्रीच्या ज्या विहारात आज गणपतीची रांग लागते, तोही मुळात बौद्ध भिक्खूंचा विहार.

त्या भिंतींवरचे ब्राह्मी लेख कोणाचे आहेत? कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत, त्याने चैत्यगृह दिले. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिले. बांबूचे काम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत. चिट नावाच्या यवनाने, म्हणजे ग्रीक वंशाच्या परदेशी माणसाने, संघासाठी भोजनमंडप दिला. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली. या दानाला त्या लेखांत शब्द आहे 'देयधम्म'.

कोणी सगळे लेणे दिले, कोणी फक्त टाके. कोणाचा जन्म विचारला गेला नाही, परदेशी माणसाचे नावही त्याच दगडावर कोरले गेले. दिलेली वस्तू संघाची झाली, घाटवाटेने थकून आलेला भिक्खू ते पाणी प्याला. दोन हजार वर्षांनी आपण ती नावे वाचतो. गुटेनप्रिंटच्या यादीत आणि मानमोडीच्या भिंतीवर आम्हाला एकच वृत्ती दिसते : ज्याला जेवढे जमेल तेवढे द्यावे, दिलेले सर्वांचे व्हावे आणि देणाऱ्याचे नाव राहावे. ही वृत्ती परदेशातून आलेली नाही. आपल्या डोंगरात ती आधीच कोरलेली होती.

ठराव झाला, तळे मात्र तसेच

आता तो अवघड प्रश्न.

१९२३ साली सी. के. बोले यांनी मुंबई कौन्सिलात ठराव मंजूर करून घेतला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्या. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर सगळे झाले होते. तरी तीन वर्षे त्या तळ्यातले ओंजळभर पाणी आपल्या माणसाला पिता आले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांसह चालत गेले, पाण्यात हात घातला, तेव्हा तो ठराव खरा झाला. त्यासाठी आपल्या लोकांनी डोकी फोडून घेतली.

मोकळा परवाना म्हणजे बोले ठराव आहे. तो म्हणतो, सोर्स कोड सर्वांना खुला. छान. पण आपल्यापैकी किती जण तिथपर्यंत चालत गेले? इथे कोणी काठी घेऊन उभा नाही. आड येतात ती इंग्रजी, न्यूनगंड आणि 'हे आपले काम नव्हे' ही आपल्याच मनातली चौकट. आपण तळ्याच्या काठावर बसून दुसऱ्याने भरून दिलेले पाणी पितो. ते फुकट मिळते म्हणून खूश होतो आणि कोणी भरून दिले नाही की भंगाराच्या दुकानात जातो.

येडगावच्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. कुकडीचे धरण आमच्या गावात, आणि त्याच्या डाव्या कालव्याचे पाणी पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जाते. पाणी सार्वजनिक असते. पण कोणाच्या शेतात किती आवर्तने पोचायची, हे बैठकीत हजर असणाऱ्यांच्या बोलण्यावर ठरते. गैरहजर माणसाचा वाटा कोणी राखून ठेवत नाही. सॉफ्टवेअरचेही तसेच आहे. देवनागरीतले जोडाक्षर कागदावर नीट उमटते का, हे पाहायला मराठी माणूस हजर नसेल तर बॉस्टनमधला प्रोग्रॅमर कितीही सज्जन असला तरी ते त्याच्या ध्यानात येणार नाही.

असे हजर राहिलेले काही जण आपल्याकडे होऊन गेले. मुंबईतून सुरू झालेल्या 'इंडलिनक्स'ने भारतीय भाषांसाठी काम केले. 'गार्गी', 'लोहित', 'सम्यक' असे मोकळे देवनागरी फॉन्ट तयार झाले. अष्टांगिक मार्गातला शब्द मिरवणारा 'सम्यक' आज लिनक्सच्या संग्रहांत सहज मिळतो. त्याआधी आपली पत्रके आणि अंक ज्या फॉन्टमध्ये टाइप होत, ते ज्याच्याकडे नाहीत त्याला पडद्यावर नुसती गिचमीड दिसते. चळवळीची कितीतरी कागदपत्रे अशी आपल्याच फाइलींत बंद होऊन पडली आहेत.

काय करावे?

कोणी म्हणेल, अत्याचार चालू आहेत, नोकऱ्या संपत चालल्या आहेत, आणि तुम्ही प्रिंटरचे काय घेऊन बसलात? आमचे उत्तर असे की रस्त्यावरची लढाई सोडून हे करा असे आम्ही म्हणत नाही. त्या लढाईचे निवेदन ज्या यंत्रातून निघते ते आपल्या ताब्यात असावे, एवढेच म्हणतो.

या कामासाठी प्रत्येकाला प्रोग्रॅमिंग यावे लागत नाही. क्रॉविट्झ यांच्यासारख्यांची खरी अडचण काय असते? जगातला प्रत्येक प्रिंटर त्यांच्या घरी नसतो. ज्याच्याकडे तो आहे त्याने चाचणी घेऊन कळवले तरच ड्रायव्हर सुधारतो. आपल्या विहारात, अभ्यासिकेत, झेरॉक्सच्या दुकानात जे जुने प्रिंटर धूळ खात पडले आहेत ते त्या लोकांकडे नाहीत. ज्याला आपण आपली गरिबी समजतो, ती इथे आपली देणगी ठरू शकते.

तर एक, आपल्याकडचा जुना प्रिंटर लिनक्सला जोडून पाहा. मॉडेलचे नाव, काय चालले, काय बिघडले, हे नीट लिहून कळवा. दोन, मराठी मजकूर छापून पाहा. 'क्ष', 'ज्ञ', रफार, वेलांट्या तपासा. तीन, पडद्यावर येणाऱ्या सूचनांचे मराठी भाषांतर करा, वस्तीतल्या माणसाला कळेल असे. चार, ज्यांना प्रोग्रॅमिंग येते त्यांनी लहानशी चूक दुरुस्त करण्यापासून सुरुवात करा. गुगलच्या उन्हाळी उपक्रमातून भारतातले विद्यार्थी ओपनप्रिंटिंगमध्ये गेली काही वर्षे मानधन घेऊन काम करत आहेत. आपल्या वसतिगृहांतली मुले तिथे का दिसू नयेत? आणि पाच, नोकरीला लागलेल्या बांधवांनी या मुलांना एखादा जुना लॅपटॉप आणि इंटरनेटचा खर्च द्यावा. फुकट काम करायला लागणारी फुरसत आपल्या मुलांकडे नाही, ती समाजाने मिळवून द्यायची आहे.

बाबासाहेबांनी आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी द्यायला सांगितले. महिन्यातला विसावा हिस्सा म्हणजे दीड दिवस. तेवढा वेळ ज्ञानाच्या या सार्वजनिक पाणवठ्याला दिला तरी पुष्कळ होईल.

आमच्या त्या भगिनीने जयंती झाल्यावर प्रिंटरचा अहवाल लिहून पाठवला. इंग्रजी मोडकेतोडके होते, पण माहिती नेमकी होती. चार दिवसांनी कोणीतरी उत्तर दिले, आणखी एक चाचणी-पान छापून निकाल कळवाल का म्हणून विचारले. तिने कळवला. तिचे नाव अजून त्या यादीत आलेले नाही. ते यावे, आणि त्याच्या खाली आणखी पन्नास नावे यावीत, एवढ्यासाठी हा लेख.

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही येडगावच्या अभ्यासिकेत बसतो. येताना घरातला बंद पडलेला प्रिंटर घेऊन या. भंगारवाल्याला द्यायची घाई करू नका.

जय भीम! जय संविधान!